मावळातला बैलांचा सोमवार

आमच्याकडचा माणूस लोणावळ्याला गेला म्हणजे हवा खायलाच गेला, असं वाचनालयातल्या मंडळींनी धरून ठेवलं आहे. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय लांजेवार, गारवा होता का जी तिकडं?" गारवा होता की नव्हता हे मला खरंच सांगता येणार नाही. चार दिवस मी घामानं भिजलेला होतो आणि तो घाम काही उन्हाचा नव्हता. वार्षिक अंकासाठी लिहा म्हणून गळ घातलीत, म्हणून लिहितो. लोणावळ्याची शोभा वाचायला मिळेल अशी आशा असेल तर आधीच माफी मागतो. तिथले बंगले, बागा, डोंगराचे कडे हे सगळं मी बहुतेक ट्रकमधून पाहिलं, आणि तेही मागं पळताना.

मी कामावरचा मस्टर कारकून आहे हे तुम्हांला ठाऊक आहे. सकाळी कोण आलं, कोण नाही, हजेरी मांडायची, टोळ्या पाडायच्या. धरण, वीजघर, पूल अशी मोठी कामं वेळेवर पार पाडणं हाच ज्यांचा धंदा, त्या साहेबलोकांना प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात, आणि त्यांची एक संस्था आहे. संस्थेत पगारी माणूस नाही. सगळं हौसेनं आणि फुकट. तिच्या नागपूर शाखेत तीन वर्षं मीही फुकट राबत होतो. परिपत्रकं सायक्लोस्टाइल करायची, पाकिटांवर पत्ते घालायचे, सभेआधी सतरंज्या अंथरायच्या. सभासद मात्र मी नव्हतो. सातवीनंतर शाळा सुटलेला माणूस कसला सभासद होतो!

आमचे घाटे साहेब शाखेचे चिटणीस. ह्या माणसाचे उपकार मी कुठं फेडू? संध्याकाळी आपल्या टेबलाशी बसवून त्यांनी मला कामाचा चार्ट काढायला शिकवला. प्रत्येक कामाला एक बाण, दोन बाणांच्या सांध्याला एक गोल, गोलात आकडा. कुठल्या कामामागून कुठलं काम, हे बाण सांगतात. त्यातली सर्वांत लांब वाट लाल शाईनं काढायची. लाल वाटेवरचं एक काम अर्धा दिवस रेंगाळलं की सगळं काम अर्धा दिवस रेंगाळलं. बाकीच्या काळ्या बाणांना थोडी उसंत असते, लालला नाही. पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हाच माझ्या मनात आलं, की मी जन्मापासून लाल वाटेवरच चालतो आहे.

यंदा संस्थेनं ठरवलं, की लोणावळ्याच्या अधिवेशनात नुसती भाषणं नकोत. सभासदांनी स्वतःच्या हातांनी तीन दिवसांत एक खरं काम करून दाखवायचं. मावळात टाकवे बुद्रुकच्या पुढं ओढ्यापलीकडं एक ठाकरवाडी आहे. पावसाळ्यात ओढा भरला की वाडी चार महिने तुटते. त्या ओढ्यावर माणसांपुरता लाकडी पूल घालायचा. कामाचे प्रमुख घाटे साहेब. चार्ट त्यांच्या देखरेखीखाली मी काढला. आणि निघायच्या आठवडाभर आधी साहेब टायफॉइडनं आडवे झाले.

मी बघायला गेलो, तर म्हणाले, "तू जा."

"मी?"

"चार्ट कुणी काढला?"

"मी. पण साहेब—"

"मग तू जा. मी पत्र टाकलंय तिथल्या सबनीसांना."

शनिवार, लोणावळा

कल्याणला गाडी बदलली. कर्जतला घाट चढायला म्हणून गाडीच्या मागं दोन इंजिनं लावतात, ती मागून ढकलतात. डब्यातले लोक वडे खाण्यात गुंग. मी मात्र बोगद्याबोगद्यात हाच विचार करत होतो, की पुढचं ओढणारं आणि मागचं ढकलणारं ह्यांचं एकमेकांत पटलं नाही तर मधल्यांनी काय करायचं.

अधिवेशन एका शाळेत होतं. सुट्टीमुळं वर्ग रिकामे. दारातल्या टेबलापाशी बसलेल्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. लांजेवार नाव नव्हतं. नोंदणी मार्चमध्येच घाटे साहेबांच्या नावानं झालेली. "नागपूर ना? मग हे तुमचंच," म्हणत त्यांनी माझ्या खिशाला बिल्ला टाचला. त्यावर ठळक अक्षरांत 'घाटे'. मी म्हटलं, "बाई, ते…" पण मागं रांग होती. सबनीस साहेब आलेच. पांढरे केस, ताठ उंची, मुंबईच्या मोठमोठ्या बांधकामांवर आयुष्य गेलेलं. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "घाटे! दोन वर्षं पत्रं लिहितोय, आज दर्शन झालं. तुमच्या चार्टचं फार ऐकलंय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. साहेबांचं पत्र मिळालेलं नाही, पत्राच्या आधी मीच पोचलो, हे उघड होतं. पण आजूबाजूला चाळीसएक साहेब, सगळे इंग्रजीत हसत होते. मी नुसता नमस्कार केला. त्या नमस्काराची शिक्षा दुसऱ्या दुपारपर्यंत भोगली.

उतरायची सोय वर्गांतच होती. मला दिलेल्या वर्गाच्या दारावर पाटी: इयत्ता आठवी, तुकडी ब. आठवीत मी पाऊल टाकलं ते असं, वयाच्या चौतिसाव्या वर्षी आणि दुसऱ्याच्या नावानं. फळ्यावर कुणा मास्तरांनी सुट्टीआधी सोडवलेलं गणित तसंच होतं. ते मला उलगडलं नाही. जेवायच्या पंगतीत मी कोपरा धरला आणि कुणी काही विचारलं की तोंडात घास आहे असं दाखवलं. शेजारचे साहेब शेवटी म्हणाले, "घाटे, तुम्ही फार सावकाश जेवता हो!"

रविवार, ओढ्याकाठी

हातानं काम करायला अठरा साहेब तयार झाले. उरलेले शाळेत भाषणं ऐकणार. ट्रकनं कामशेत, कान्हे करत टाकव्याला आलो. डावीउजवीकडं डोंगर, मधे भाताची खाचरं. आमच्या भंडाऱ्याकडची बांधी आणि ही खाचरं नात्यातलीच वाटली, पण एक गोष्ट नवी दिसली. खाचराच्या कोपऱ्याकोपऱ्यात जमीन काळी जळालेली. पालापाचोळा आणि शेण पसरून तो तुकडा भाजतात, राख होते, त्यावर भाताचं रोप टाकतात. ह्याला राब म्हणतात. राब भाजून झालेले होते, म्हणजे लोक आता पावसाच्या वाटेला डोळे लावून बसलेले. आणखी दोन-तीन आठवडे, की ओढा आडवा यायचा.

ओढ्याच्या दोन्ही काठांवर दगडी ओटे वाडीच्या लोकांनी आधीच रचून ठेवले होते. आमचं काम असं: पहिल्या दिवशी ओटे सपाट करून तुळया बसायच्या खाचा करायच्या. दुसऱ्या दिवशी टाकव्याहून सहा बैलगाड्यांनी तीन मोठ्या तुळया आणि फळ्या आणून तुळया चढवायच्या. तिसऱ्या दिवशी फळ्या, कठडा, दुपारी नारळ, संध्याकाळच्या गाडीनं साहेब आपापल्या गावी. तुळयांचा ट्रक टाकव्यापर्यंत रविवारी संध्याकाळी यायचा. पुढं ट्रकला रस्ता नाही, गाडीवाट.

पहिला दिवस चार्टाप्रमाणं गेला, इतका की मला त्याचीच धास्ती वाटायला लागली. दुपारी जांभळाच्या झाडाखाली भाकरी सोडल्या. वाडीतल्या ठकूमावशींनी नाचणीच्या भाकरी आणि ओढ्यातल्या खेकड्यांचं झणझणीत कालवण दिलं. खेकडा कसा फोडायचा ते आमच्यापैकी एकालाही येत नव्हतं.

"आरं, दातानं फोड की! पेनानं उघडतोस व्हय?" त्या एका मुंबईच्या तरुण साहेबाला म्हणाल्या, आणि तो खरंच खिशातलं पेन काढून बसलेला होता.

मावशींची सून कमळी पाणी वाढत होती. पोटुशी होती. मावशी मला हळूच म्हणाल्या, "हिचा नववा आषाढाच्या शेवटाला भरतोय. गेल्या साली माझी ल्येक अशीच भरल्या दिसांची ह्याच कडंला दोन दिस बसलीती. पानी उतरायची वाट बघत." आणि भाकरीची पाटी घेऊन पुढं सरकल्या. कालवण एकदम तिखट लागायला लागलं.

तेवढ्यात टाकव्याचे धोंडिबा आबा आले. गाड्या ह्यांनी कबूल केलेल्या. सत्तरीचा माणूस, काठी बगलेत. चार्ट मी जमिनीवर पसरून चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले होते. आबा उकिडवे बसले.

"ह्ये काय लिवलंय हितं?"

"दिवस पहिला, आबा. हा आजचा. हा दिवस दुसरा, तुमच्या गाड्यांचा. हा तिसरा."

"आज रविवार. म्हंजी दुसरा दिस सोमवार?"

"हो."

"मंग गाड्या न्हाईत."

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसलोसुद्धा. ते हसले नाहीत.

"सोमवारी बैलाच्या मानंवर आमी जू ठेवत न्हाई. म्हादेवाचा वार हाय. नंदी कुनाचा?"

"पण आबा, तुम्ही तर मार्चमध्येच कबूल केलं होतं!"

"केलं की. पुन्याचं सायेब आलं, म्हनलं एक दिस सा गाड्या द्याल का. म्हनलं देऊ. कंचा वार त्ये त्यांनी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई. मंगळवारी म्हनाल तर उजाडायच्या आत गाड्या जुपतो."

मंगळवारी गाड्या निघाल्या तर लांबच्या वाटेनं दुपारी ओढ्यावर. तुळया चढेपर्यंत संध्याकाळ. साहेबांची गाडी गेलेली, मंगळवारपुरता बोलावलेला सुतार दुसऱ्या कामाला गेलेला, आणि ओढ्यावर फळ्या नसलेल्या तीन उघड्या तुळया. पहिल्याच लोंढ्याला त्या गेल्या असत्या. माझ्या चार्टात सबंध तीन दिवसांत वाराचं नाव कुठं नव्हतं. दिवस एक, दिवस दोन, दिवस तीन. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो, आमच्या घरी अमावास्येला औत धरत नाहीत हे कळायला लागल्यापासून पाहत आलो, आणि हातात लाल शाई आल्याबरोबर बैल विसरलो!

तरुण साहेब पुढं झाले. "आबा, एकच दिवस. देव समजून घेईल हो."

आबांनी त्यांच्याकडं पाहिलं. "तुमी रविवारी हापिसात जाता का?"

"छे, रविवारी सुट्टी."

"मंग? तुमचा रविवार मोडा म्हनून आमी कंदी आलो का?"

सबनीस साहेब ओट्यावरून उतरून आले, सगळं ऐकून घेतलं, आणि चार्टाकडं पाहत शांतपणानं म्हणाले, "घाटे, हे तुमच्यासारख्या माणसाकडून अपेक्षित नव्हतं."

आता खरी गंमत सांगतो. मी गप्प राहिलो असतो तर चूक घाटे साहेबांच्या नावावर लागत होती. ते नागपूरला तापात पडलेले, इथं त्यांना कुणी पाहिलेलं नाही. मी संध्याकाळची गाडी धरून निघून गेलो असतो तर लांजेवार नावाचा माणूस इथं आला होता हे कुणाला कळलंही नसतं. हा विचार माझ्या मनात आला, हे लिहायला लाज वाटते, पण आला. मग डोळ्यांपुढं घाटे साहेबांच्या टेबलावरचा दिवा आला आणि माझी रेघ वाकडी गेली की रबर पुढं करणारा त्यांचा हात.

मी बिल्ला काढला. टाचणी बोटात घुसली. "साहेब, मी घाटे नाही. घाटे साहेब आजारी आहेत. चार्ट मी काढला, चूक माझी."

"मग तुम्ही कोण?"

"लांजेवार. मस्टर कारकून. सातवी पास."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. काल माझ्या सावकाश जेवण्याचं कौतुक करणारे साहेब दुसरीकडं पाहायला लागले.

ठकूमावशी पुढं आल्या. त्यांना आमचं काही देणंघेणं नव्हतं. "ह्ये काय सुतकात बसल्यावानी बसलाय? आमच्या वाडीत कुनाचं बैल हाय? आमच्या घरांचं वासं काय उडून आलं?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"खांद्यावनं आनलं. खिंडीतनं. गाडीवाट जाती लांबनं वळसा घिऊन. खिंडीतली पाऊलवाट सरळ, निम्मी." मागं वळून त्यांनी मुलाला हाक मारली. "लक्षिमन, सांग की रं!"

लक्ष्मणनं मान हलवली. "यील. पर एका तुळईला सोळा मानूस लागंल. आमी धाच हाव."

सबनीस साहेब माझ्याकडं वळले. रागावतील म्हणून मी खाली पाहत होतो. ते म्हणाले, "लांजेवार, दहा हे आणि अठरा आम्ही. तुम्ही मस्टर कारकून ना? मग मस्टर काढा."

संध्याकाळी इतर लोक ट्रकनं लोणावळ्याला गेले. मी टाकव्याला आबांकडं राहिलो. तुळया आल्या, अठ्ठावीस फुटी, माझ्या मांडीएवढ्या जाड. बघून मला घाम फुटला. आबांच्या घरी आंबेमोहोराचा भात होता. त्याचा वास सोप्यापर्यंत आला. आमच्याकडचा तांदूळ चांगलाच, पण तो जेवणाराला सांगावा लागतो. हा स्वतःच सांगत येतो. मी भात नुसता चिवडत होतो. आबा म्हणाले, "खावा, लांजेवार. गाड्या दिल्या न्हाईत म्हनून माझ्या भातावर का राग?"

मी म्हटलं, "राग नाही आबा. आमच्याकडं अमावास्येला औत धरत नाहीत. मला कळायला पाहिजे होतं."

"मंग झालं तर," आबा म्हणाले आणि आणखी भात वाढला.

सोमवार, खिंडीत

मोठमोठ्या कामांवर मी खलाशी लोकांना, म्हणजे जड सामान उचलणाऱ्या टोळ्यांना, लोखंडी तुळया नेताना पाहिलं आहे. तुळईखाली आडवे दांडे घालतात, प्रत्येक दांड्याला दोन माणसं, समोरासमोर. जोडी सारख्या उंचीची नसली तर उंच माणसावर सगळं ओझं येतं आणि तो खांदा मोडून घेतो. साहेबांना पुष्कळ माहीत असतं, पण हे माहीत असायचं कारण नाही. त्यांनी तुळई कधी खांद्यावर घेतलेली नसते. मीही घेतलेली नव्हती. पण घेणाऱ्यांची हजेरी बारा वर्षं मांडली होती.

उजाडताना टाकव्याच्या देवळाच्या खांबाला एकेकाला टेकवून उभं केलं आणि कोळशानं डोक्यावर रेघ मारली. रेघेला रेघ जुळली ती जोडी. खांबावर नुसता जिना झाला. सबनीस साहेबांची रेघ आणि लक्ष्मणची रेघ एकावर एक आली.

"साहेब, तुमची जोडी लक्ष्मणशी," मी वहीत लिहीत म्हणालो.

"बरं झालं," साहेब म्हणाले. "घरी सांगता येईल, की माझ्या तोडीचा माणूस मावळात निघाला."

लक्ष्मण लाजला. त्याची आई लाजली नाही. "तोडीचा म्हनं! चार पावलं चालू द्या, मंग बघू."

एकूण अठ्ठावीस जण. सोळा दांड्यावर, बाकीचे बदलीला. मोजून चौदा जोड्या व्हायला हव्या होत्या, पण तेरा झाल्या आणि दोन माणसं विजोड उरली. एक वाडीतला बुटका म्हातारा आणि एक ते पेनवाले ताडमाड तरुण साहेब. मी वही उलटसुलट करत होतो, तेवढ्यात खांबापाशी आबा येऊन टेकले. काठी बाजूला ठेवली, मुंडासं काढलं.

"मार रेघ."

"आबा, आज सोमवार! तुमचा उपास असेल."

"उपास माझा, सुट्टी बैलाची. माझी सुट्टी कुनी सांगितली?"

म्हाताऱ्याची आणि आबांची रेघ जुळली. तरुण साहेबाला मी हाळी द्यायला पुढं ठेवलं. त्याचा आवाज मोठा होता आणि काल तो वाया गेला होता.

पहिली तुळई उचलली. बत्तीस पायांचं जनावर डुलत निघालं. मी बाजूनं पळत होतो, हातात वही, पन्नास पावलं झाली की "बदला!" म्हणून ओरडत. सगळ्यांना घाम येत होता कष्टाचा, मला कसला येत होता हे सांगायला नको. वाटेत करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर लागलेल्या होत्या. एकालाही हात मोकळा नव्हता. ठकूमावशी पुढं चालत होत्या. तोडून तोडून त्यांनी प्रत्येकाच्या तोंडात करवंदं टाकली, साहेब आणि ठाकर न बघता. आमच्याकडं अजून असं होत नाही. कुणाच्या हातचं कुणी खायचं ह्याचा विचार आम्ही आधी करतो.

दुसऱ्या तुळईला खिंडीच्या उतारावर सबनीस साहेबांच्या कातडी तळव्याच्या बुटांनी दगा दिला. ते घसरले, दांडा सुटला, तुळईचं मागचं टोक धप्पकन खाली आलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा लक्ष्मणनं आपल्याकडचा दांडा खांद्यावरून मांडीवर घेऊन तोल सावरलेला होता आणि साहेब मातीत बसले होते. त्यांनी पहिल्यांदा लक्ष्मणचा पाय बघितला. लागलं नव्हतं. मग निमूट बूट काढले, गळ्यात अडकवले आणि अनवाणी उभे राहिले.

मावशी म्हणाल्या, "अगं बया, सायबाचं पाय लोन्याचं हायती!"

"दुपारपर्यंत तूप होतं बघा त्याचं," साहेब म्हणाले, आणि सगळी टोळी तुळई खाली ठेवून हसत बसली. मी मात्र घड्याळ बघत होतो. मला हसायची सवड पुलापलीकडं होती.

शेवटची तुळई ओढ्यावर आली तेव्हा ऊन कलायला लागलेलं होतं. गाड्यांच्या वाटेनं जेवढा वेळ मी चार्टात धरला होता, त्याच्या आधीच. फळ्या तर वाडीच्या बायकांनी डोक्यावरून न सांगता आणून टाकल्या होत्या, त्यांचा बाण मी काढलाच नव्हता. संध्याकाळी तिन्ही तुळया खाचांत बसल्या. आबांनी जांभळाखाली शेंगदाणे आणि गूळ खाल्ला; उपास सोडला नाही, नुसता पुढं ढकलला.

मंगळवार

फळ्या, बोल्ट, कठडा. सुतार पुढं ठोकत गेला आणि मागून मी प्रत्येक बोल्ट पान्यानं पुन्हा आवळत गेलो. तीनदा. आबा काठावर बसून बघत होते. "आवळा, आवळा. आता लाकूडच रडंल." दुपारी नारळ फुटला. पहिल्यांदा कोण जाणार म्हणून साहेबलोक एकमेकांना "आपण, आपण" करत राहिले, तोवर कमळी डोक्यावर हंडा घेऊन पलीकडं गेलीसुद्धा. तिला तिकडं काम होतं.

मी पुलाखाली उभा राहून तिच्या पावलांनी कुठली फळी वाजते ते ऐकत होतो. चौथी वाजली. तिचा बोल्ट पुन्हा आवळला.

लोणावळ्याच्या स्टेशनवर सबनीस साहेबांनी माझ्या हातात सभासदत्वाचा कोरा अर्ज ठेवला. त्यांच्या पायाला पट्टी होती. "नागपूरला गेल्यावर भरून पाठवा. शिक्षणाच्या रकान्यात खरं तेच लिहा."

"सातवी लिहिलेलं चालेल साहेब?"

"खाली अनुभव लिहायला जागा आहे," ते म्हणाले. "तिथं सोमवार लिहा."

घाटे साहेब आता हिंडते-फिरते आहेत. बिल्ला त्यांना परत दिला. त्यांनी तो टेबलाच्या खणात टाकला आणि नवा कागद माझ्यापुढं सरकवला. आमच्या चार्टावर आता प्रत्येक दिवसाखाली वार असतो, आणि वार लिहिण्याआधी त्या गावी एक पत्र जातं.

अर्ज मी लगेच पाठवला नाही. पावसाळा एकदा पार पडू दे, म्हटलं. पूल राहिला तर पाठवायचा. इथं रात्री पाऊस लागला की मला तिकडची चौथी फळी आठवते.

मागल्या आठवड्यात टाकव्याहून पोस्टकार्ड आलं. आबांनी मास्तरांकडून लिहवून घेतलेलं, पण बोलणं आबांचंच. 'लांजेवार मस्टरवाले यांस धोंडिबाचा रामराम. कमळी येळंवर पुलावरनं उतरली. मुलगी झाली. दोघी बऱ्या हायती. पानी दोन डाव वरनं गेलं. पूल हाय.'

कार्ड मी बायकोला वाचून दाखवलं, घाटे साहेबांना वाचून दाखवलं. त्याच दिवशी अर्ज भरला, सातवी लिहिली, सोमवार लिहिला, पाकिटात घातला, तिकीट लावलं. आणि पेटीत टाकायच्या आधी आबांना उलट टपाली विचारलं, की पाणी वरनं गेलं म्हणजे फळीच्या किती वरनं?

उत्तर अजून आलेलं नाही. भात बेणायचे, तण काढायचे दिवस आहेत, कुणाला सवड असणार. पाकीट खिशात आहे.